क्रोनो ट्रिगर: कुठली आवृत्ती घ्यावी आणि तुलना कशी करावी

'क्रोनो ट्रिगर' खेळायचा ठरवलं की पहिली अडचण गेमची नसते, आवृत्तीची असते. जपानच्या स्क्वेअर कंपनीने १९९५ साली सुपर फॅमिकॉमवर (अमेरिकेत त्याचं नाव सुपर निन्टेंडो) काढलेला हा कालप्रवासाचा रोल-प्लेइंग गेम पुढे प्लेस्टेशनवर आला, मग निन्टेंडो डीएसवर, मग मोबाइलवर आणि शेवटी पीसीवर. कथा तीच, पात्रं तीच, यासुनोरी मित्सुदाचं संगीतही तेच. तरी खेळताना प्रत्येक आवृत्ती हाताला वेगळी लागते.

'कुठल्या आवृत्तीत काय जास्त आहे' अशा याद्या वाचून निवड करू नका. जास्तीचं जे काही आहे ते जवळपास सगळं गेमच्या उत्तरार्धात किंवा गेम संपल्यावर येतं. खटकणाऱ्या गोष्टी मात्र पहिल्या तासापासून खटकतात: लढाईआधीचा खोळंबा, धूसर चित्र, उशिरा लागणारं बटण. म्हणून तुलना सुरुवातीच्या दोन-तीन तासांच्या भागावर करावी, आणि प्रत्येक आवृत्तीत तोच भाग खेळून करावी.

आधी थोडक्यात: कोणती आवृत्ती काय आहे

१९९५ ची मूळ कार्ट्रिज ३२ मेगाबिटची, म्हणजे फक्त ४ मेगाबाइटची. इंग्रजी भाषांतर टेड वूल्सी यांचं. सेव्हच्या जागा तीन.

प्लेस्टेशन आवृत्ती जपानमध्ये १९९९ ला आली. अमेरिकेत ती २००१ मध्ये 'फायनल फँटसी क्रॉनिकल्स' या जोडसंचात मिळाली. अकिरा तोरियामा यांच्या पात्रांची अ‍ॅनिमेशन दृश्यं पहिल्यांदा इथे आली.

डीएस आवृत्ती २००८ ची. नवं भाषांतर, वरच्या पडद्यावर खेळ आणि खालच्या पडद्यावर नकाशा-मेनू. त्यात लॉस्ट सँक्टम, डायमेन्शनल व्होर्टेक्स आणि राक्षसांच्या झुंजींचा आखाडा हे तीन नवे भाग, शिवाय एक नवा शेवट.

मोबाइल आवृत्ती आयफोनवर डिसेंबर २०११ मध्ये आणि अँड्रॉइडवर २०१२ मध्ये आली. पीसीसाठी स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) २७ फेब्रुवारी २०१८. ही दोन्ही डीएसच्या भाषांतरावर उभी आहेत. डीएसमधला आखाडा तेवढा त्यांत नाही.

२०१७ साली आलेल्या छोट्या सुपर निन्टेंडो क्लासिक यंत्रात २१ गेम आहेत, पण क्रोनो ट्रिगर त्यांत नाही. बरेच जण तो असेलच असं समजून ते यंत्र विकत घेतात.

परीक्षेचा भाग: जत्रेपासून २३०० पर्यंत

इ. स. १००० मधली मिलेनियल फेअर, तिथून ६०० सालातलं गार्डियाचं जंगल आणि कॅथेड्रल, परत येऊन खटला, मग २३०० सालातला अ‍ॅरिस डोम आणि जेटबाइकची शर्यत. एवढ्या पट्ट्यात या गेमचं जवळजवळ सगळं यंत्रकाम दिसून जातं.

सुरू करण्याआधी सेटिंगमध्ये लढाईचा प्रकार 'वेट' ठेवा आणि वेग सगळीकडे सारखा करा. मूळ गेममध्ये वेगाचे आकडे १ ते ८ असतात आणि १ म्हणजे सर्वांत जलद. हे उलटं वाटतं, त्यामुळे एका आवृत्तीत २ आणि दुसरीत ७ ठेवून 'ही संथ आहे' असा निष्कर्ष सहज निघतो. 'वेट'मध्येही वेळ पूर्ण थांबत नाही. टेक (पात्रांचे खास डाव) किंवा वस्तूंची यादी उघडी असेपर्यंतच ती थांबते.

कॅथेड्रलमध्ये एक काम करा: लागोपाठ पाच लढाया, आणि प्रत्येक लढाईनंतर मुख्य मेनू उघडून बंद. सुपर निन्टेंडोवर हे सगळं तत्काळ होतं, कारण डेटा कार्ट्रिजच्या चिपमधून थेट वाचला जातो. डीएसवरही तसंच. प्लेस्टेशनवर मात्र सीडी फिरेपर्यंत थांबावं लागतं, लढाई सुरू होतानाही आणि मेनू उघडतानाही. एकदा थांबणं काहीच नाही. पण या गेममध्ये लढाई चालता चालता, त्याच नकाशावर सुरू होते आणि तिथेच संपते, वेगळा पडदा येत नाही, हीच त्याची मोठी करामत. तो ओघ प्लेस्टेशनवर तुटतो. अ‍ॅनिमेशन दृश्यं कितीही सुंदर असली तरी त्यांच्यासाठी ही किंमत मोजू नये, विशेषतः ती दृश्यं आता डीएसवर आणि पीसीवरही आहेत म्हणून.

घरी प्लेस्टेशनची सीडी आधीच असेल आणि प्लेस्टेशन २ असेल, तर त्याच्या सिस्टिम मेनूत प्लेस्टेशन ड्रायव्हर नावाची सेटिंग शोधा. तिथे डिस्कचा वेग 'फास्ट' केला की खोळंबा बराच कमी होतो. सेव्हसाठी मात्र पहिल्या प्लेस्टेशनचं १५ ब्लॉकचं मेमरी कार्डच लागेल. प्लेस्टेशन २ च्या कार्डावर हा गेम सेव्ह होत नाही. अमेरिकी सीडी आशियाई किंवा युरोपी यंत्रावर चालत नाही, तिकडच्या प्लेस्टेशन ३ वरही नाही.

चित्र: इथे आकडे पाहावेच लागतात

सुपर निन्टेंडोचं चित्र २५६ बाय २२४ ठिपक्यांचं. जुन्या टीव्हीवर ते ४:३ मध्ये थोडं आडवं ताणलं जायचं, आणि कलाकारांनी ते तसंच दिसेल असं धरून काढलेलं आहे. डीएसचा पडदा २५६ बाय १९२ चा, म्हणजे उंचीत ३२ ओळी कमी. रुंदी तीच असल्यामुळे हे पटकन लक्षात येत नाही. शेजारी शेजारी ठेवून पाहिलं की मूळ आवृत्तीत वर-खाली जास्त नकाशा दिसतो हे कळतं.

डीएसची कार्ट्रिज थ्रीडीएसवरही चालते, पण तिथे १९२ ओळी ताणून २४० केल्या जातात आणि चित्र धूसर होतं. गेम सुरू करताना स्टार्ट किंवा सिलेक्ट दाबून धरा, म्हणजे चित्र मूळ आकारात, लहान पण धारदार येतं. थ्रीडीएसवर डीएसचा कुठलाही गेम वाईट दिसला की आधी हे करून पाहा.

मूळ आवृत्तीचं चित्र आजच्या १०८० ओळींच्या टीव्हीवर आणताना पूर्ण पटीतच मोठं करावं. २२४ ची चारपट ८९६ होते, वर-खाली काळी पट्टी राहते, ती राहू द्या. पडदा भरण्याच्या हट्टाने ४.८२ पट केलं की काही ठिपके चार ओळींचे आणि काही पाच ओळींचे होतात. मग गेमचा नायक क्रोनो चालायला लागला की मागचं गवत आणि विटा लुकलुकल्यासारख्या दिसतात. टीव्हीत गेम मोड असेल तर तो लावा, नाहीतर बटणाचा उशीर गेमच्या माथी मारला जाईल.

स्टीमची आवृत्ती आली तेव्हा तिच्यावर कडक टीका झाली, आणि ती योग्यच होती. पात्रं गुळगुळीत केलेली, जमिनीच्या फरश्यांमध्ये फटी, आणि मेनू बोटाने दाबायला बनवलेला, तोच तसाच पीसीवर टाकलेला. एप्रिल २०१८ पासून टप्प्याटप्प्याने दुरुस्त्या आल्या. चित्रासाठी 'ओरिजिनल' पर्याय आला, पीसीला साजेसा मेनू आला, आणि २०२२ च्या मार्चमध्ये २१:९ पडद्यांची सोय झाली. त्यामुळे २०१८ च्या सुरुवातीची परीक्षणं वाचून आज निर्णय घेऊ नका. गेम उघडल्यावर आधी सेटिंगमध्ये जाऊन चित्राची शैली 'ओरिजिनल' करा.

बटणं

अ‍ॅरिस डोममध्ये उंदराला पकडलं की तो गुपित सांगतो: एल आणि आर दाबून धरून ए दाबा. मूळ आवृत्तीत हे तीन बटणांचं एकत्र काम आहे. पुढे फॅक्टरीत दार उघडायला एक्स, ए, बी, वाय असा क्रम लागतो. इथे अडकणाऱ्यांची दोन कारणं असतात. पहिलं म्हणजे जुनं मार्गदर्शन. निन्टेंडोच्या कंट्रोलरवर ए उजवीकडे असतो, एक्सबॉक्सच्या कंट्रोलरवर खाली, आणि प्लेस्टेशनवर तर अक्षरंच नाहीत. म्हणून दुसऱ्या यंत्रासाठी लिहिलेला क्रम वापरू नका, पडद्यावर दिसेल तोच दाबा. दुसरं कारण कीबोर्ड. स्वस्त कीबोर्ड काही ठरावीक तीन कळा एकत्र ओळखत नाहीत. बटणांच्या कळा बदलून लावल्या की काम होतं.

जेटबाइकच्या शर्यतीत मोबाइलची कसोटी लागते. पडद्यावरच्या बटणांवर बोट सरकतं आणि डावीकडे-उजवीकडे वेळेवर होत नाही. ब्लूटूथ कंट्रोलर जोडून तोच भाग पुन्हा खेळा. फरक मोठा वाटला तर हा गेम तुम्ही फोनवर लढायांपुरताच आनंदाने खेळाल, हे ओळखा.

इंग्रजी कोणाला कसं लागेल

मराठी किंवा हिंदी आवृत्ती कुठेच नाही, त्यामुळे आपल्याकडे भाषांतराची निवड खरोखर महत्त्वाची ठरते. वूल्सी यांच्या मूळ भाषांतरात फ्रॉग हा बेडकाच्या रूपातला सरदार जुन्या नाटकी इंग्रजीत बोलतो. वाक्यं आखूड आहेत, कारण कार्ट्रिजमध्ये जागा नव्हती. डीएसच्या भाषांतरात फ्रॉग सरळ बोलतो, वाक्यं जास्त सुटसुटीत आहेत आणि अर्थ मूळ जपानीच्या जवळ आहे. शाळेत मराठी माध्यमातून शिकलेल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा खेळायला द्यायचा असेल तर डीएस, मोबाइल किंवा पीसीचं भाषांतरच द्या. पण फ्रॉगचा तो ढंग, त्याच्या तोंडचं जुनं सरदारी इंग्रजी, एकदा तरी वाचावंच असं आहे.

वस्तूंची नावंही बदलली आहेत. मूळचं 'टॉनिक' नव्या भाषांतरात 'पोशन' झालं, बेशुद्ध पात्राला उठवणारं 'रिव्हाइव्ह' हे 'अथेनियन वॉटर' झालं, आणि 'पॉवर टॅब' हे 'स्ट्रेंथ कॅप्सूल' झालं. जुनं मार्गदर्शन उघडून नवी आवृत्ती खेळताना हे लक्षात ठेवा.

नाशिकमध्ये जुना माल घेताना

एम. जी. रोडला केबल, अडॅप्टर, मेमरी कार्ड, कंट्रोलर मिळतात. मूळ कार्ट्रिज मात्र बहुधा बाहेरूनच मागवावी लागते किंवा कुणा ओळखीच्याकडून. घेताना पुढच्या गोष्टी पाहाच.

सुपर फॅमिकॉमचा जपानी अडॅप्टर १०० व्होल्टचा आहे, अमेरिकी १२० चा. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये थेट लावला तर जळतो. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर वापरा. दुसरा अडॅप्टर जोडणार असाल तर १० व्होल्ट डीसी, ८५० मिलीअ‍ॅम्पिअर आणि पिनचा मधला भाग ऋण, या तिन्ही गोष्टी जुळल्याच पाहिजेत. टीव्ही एनटीएससी (जपान-अमेरिकेतली चित्राची पद्धत) घेतो का तेही पाहा. फक्त 'पाल' (PAL) पद्धत घेणारे जुने संच चित्र काळं-पांढरं दाखवतात.

मूळ कार्ट्रिजमध्ये सेव्हसाठी सीआर२०३२ बॅटरी झाळलेली असते. तिचं आयुष्य संपलं की गेम चालतो, पण बंद केल्यावर सेव्ह उडतो. घेताना सेव्ह करा, यंत्र बंद करा, दहा मिनिटांनी पुन्हा लावून पाहा. बॅटरी बदलताना जुने सेव्ह जातात, हे आधीच धरून चला. आपल्याकडच्या पावसाळ्यात पिनांवर काळपट थर येतो आणि पडदा कोरा राहतो. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन पिना पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच लावा. तोंडाने फुंकर मारू नका, वाफेने गंज वाढतो.

डीएसच्या नकली कार्ट्रिज बाजारात खूप आहेत आणि या गेममध्ये त्यांच्यासाठी एक सापळा आहे. जत्रेत क्रोनोची सोबतीण मार्ल गेटमध्ये (दुसऱ्या काळात नेणाऱ्या दारात) ओढली जाते, तिच्यामागे क्रोनो जातो, आणि नकली प्रतीत तो निळा बोगदा कधी संपतच नाही. म्हणून विकणाऱ्यासमोर नवा गेम सुरू करून ६०० सालात पोहोचेपर्यंत खेळा. साधारण वीस मिनिटांचं काम आहे, तेवढा वेळ द्यायला विकणारा तयार नसेल तर ती कार्ट्रिज सोडा.

मग घ्यायची कुठली

घरी पीसी किंवा लॅपटॉप असेल तर पहिल्या खेळासाठी स्टीम, 'ओरिजिनल' चित्र आणि हातात कंट्रोलर. स्वस्त पडतं, नकलीची भीती नाही, आणि नकाशा बदलला की आपोआप सेव्ह होतं. वीज गेली तरी मोठं नुकसान नाही.

पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबई करणाऱ्याला मोबाइल सोयीचा. पैसे एकदाच भरायचे, जाहिराती नाहीत. पण निघण्याआधी घरच्या वायफायवर गेम पूर्ण उघडा, मग विमान मोड लावून पुन्हा सुरू करून पाहा. कसारा घाटातल्या बोगद्यांत नेटवर्क जातं, तिथे पहिल्यांदा प्रयोग नको.

डीएस मिळत असेल आणि अस्सल असेल तर हातात धरून खेळायला त्याच्या तोडीचं दुसरं काही नाही. फक्त लॉस्ट सँक्टम पहिल्या खेळात सोडून द्या. त्याच डोंगरावर पुन्हा पुन्हा चढ-उतार करायला लावणारी ती कामं मूळ कथेचा वेग मारतात. प्लेस्टेशन आवृत्ती संग्रहासाठी ठीक. सुपर निन्टेंडो दुसऱ्या खेळासाठी ठेवा, गोष्ट माहीत झाल्यावर वूल्सी यांची आखूड वाक्यं जास्त रंगतात.

कार्ट्रिज, सीडी आणि डीएस यांच्यातले सेव्ह एकमेकांत नेता येत नाहीत, त्यामुळे न्यू गेम प्लसची (गेम संपवून मिळवलेली ताकद घेऊन पुन्हा सुरुवात करण्याची) कमाई त्या त्या यंत्रापुरतीच राहते. डायमेन्शनल व्होर्टेक्स एकदा गेम संपवल्यावरच उघडतो. म्हणून शेवटचा शत्रू लाव्होस याला हरवल्यावर श्रेयनामावली चालू असताना यंत्र बंद करू नका. शेवटपर्यंत थांबा आणि सेव्ह करा.