दोन रकान्यांचे आयुष्य : घरातल्या सैनिकाचे स्मृतिचरित्र कसे लिहावे

हयातभर सैन्यात नोकरी केलेल्या माणसाच्या मागे कागद पुष्कळ राहतात. भरती, बदल्या, बढत्या, पदके या साऱ्यांची तारीखवार नोंद कुठेतरी असतेच; मात्र तो घरी किती दिवस होता, याची नोंद कोणी ठेवलेली नसते. माझ्या वडिलांच्या शोकसभेत मी त्यांचे हुद्दे आणि नेमणुका क्रमाने वाचून दाखवल्या. वाचून खाली बसल्यावर आईने हळूच विचारले, "यात ते घरी कधी आले?" त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जी पद्धत हाती लागली, ती येथे मांडतो.

लेखनाला हात घालण्यापूर्वी एक तक्ता आखावा. डावीकडे वर्ष, मधल्या रकान्यात नोकरी आणि उजवीकडे घर. मधल्या रकान्यात कोणत्या पलटणीत, कुठे, कोणत्या हुद्द्यावर हे लिहावे. उजवीकडे त्याच वर्षी घरात काय घडले ते लिहावे: लग्न, मुलांचे जन्म, आजारपणे, शाळा बदलणे, घर बांधणे, आईवडिलांचे जाणे. दोन्ही रकाने भरत गेले की जे एरवी कोणाच्या लक्षात येत नाही ते दिसू लागते. धाकटीचा जन्म झाला तेव्हा तो सीमेवर होता आणि त्याने तिला पाहिले ते ती पाच महिन्यांची झाल्यावर, अशी एखादी गोष्ट या दोन रकान्यांच्या मधल्या रेघेवर सापडते, आणि चरित्राचा खरा ऐवज तिथेच असतो.

मधला रकाना भरण्यासाठी सेवापुस्तिका, निवृत्तीचे कागद, रजेचे दाखले, जुन्या पत्रांवरील शिक्के आणि छायाचित्रांच्या पाठी तपासाव्यात. पदकांची कडही भिंगातून पाहावी, कारण अनेक पदकांच्या कडेवर क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते. ती चकचकीत करण्याच्या भरात घासू नयेत. घासल्याने कोरलेली अक्षरे झिजतात. सरकारी दप्तरातून नोंदी मागवता येतात, पण सगळे तिथे सुरक्षित असेलच असे गृहीत धरू नये. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैनिकांच्या सेवानोंदींचा निम्म्याहून अधिक भाग 1940 च्या बाँबहल्ल्यात जळाला, आणि अमेरिकेत सेंट लुईस येथील अभिलेखागाराला 1973 च्या जुलैमध्ये लागलेल्या आगीत 1 कोटी 60 लाखांहून अधिक फायली नष्ट झाल्या. तेव्हा घरातल्या ट्रंकेतले कागद हीच कदाचित एकमेव प्रत असू शकते. त्यांची छायाचित्रे आधी काढावीत आणि किमान दोन नातेवाइकांकडे ठेवावीत.

उजवा रकाना कागदांनी भरत नाही. त्यासाठी माणसांशी बोलावे लागते. सुरुवात त्यांच्या पत्नीपासून करावी, कारण ते नसताना घर तिनेच चालवलेले असते आणि तिची हकीकत वगळली तर त्यांचीही अर्धीच राहते. "ते कसे होते?" असे विचारले तर "फार चांगले होते" एवढेच उत्तर येते. त्याऐवजी रजेवर आल्यावर पहिल्या दिवशी ते काय करत, बूट कुठे काढून ठेवत, परत जाण्याच्या आदल्या रात्री घरात कोण काय बोले, पत्रात मुलांसाठी वेगळ्या ओळी असत का, हे विचारावे. सोबत्यांना लढाईविषयी विचारण्यापेक्षा रात्रीच्या पहाऱ्यात ते घराबद्दल काय सांगत, हे विचारल्यास ते मोकळेपणाने बोलतात, असा माझा अनुभव आहे. संभाषण परवानगी घेऊन ध्वनिमुद्रित करावे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने माजी सैनिकांच्या आठवणी जतन करण्यासाठी 2000 मध्ये सुरू झालेल्या उपक्रमात मुलाखत किमान 30 मिनिटांची असावी अशी अट घातली आहे, आणि ती रास्त आहे. पहिली दहा मिनिटे बहुतेक माणसे फक्त तारखा सांगतात.

काही गोष्टी ते कधीच बोलले नसतील. ती जागा कल्पनेने भरू नये. न झालेला पराक्रम लिहिल्याने त्यांचा मान वाढत नाही, आणि एखादा सोबती तो मजकूर वाचील तेव्हा खऱ्या गोष्टींवरचाही त्याचा विश्वास उडेल. "या वर्षाविषयी ते घरात कधीच बोलले नाहीत" हे वाक्य जसेच्या तसे लिहावे. त्याचप्रमाणे त्यांच्या गैरहजेरीने कोणाच्या मनात सल राहिला असेल, तर संबंधित व्यक्तीच्या संमतीने तोही लिहावा. दूर राहूनही माणूस घरासाठी जगला, हे त्या सलासकट सांगितले तरच पटते.

प्रत्यक्ष लिहिताना हुद्दा आणि पलटणीचे नाव त्या त्या वर्षी जे होते तेच द्यावे, आणि सैन्यातील संक्षेप पहिल्यांदा येतील तिथे उलगडून सांगावेत, कारण नातवंडांना ते कळणार नाहीत. "कुटुंबवत्सल" हे विशेषण मी तीनदा लिहून तीनदा खोडले. शेवटी त्याच्या जागी, दर बदलीनंतर आमच्या शाळेच्या दाखल्यांची फाइल ते स्वतःच्या हाताने बांधत, एवढेच लिहिले.

सभेत वाचायचे असेल तर पाच मिनिटांसाठी पाचशेच्या आसपास शब्द पुरतात. काय ठेवावे हे ठरत नसेल, तर एक जुनी मर्यादा उपयोगी पडते. पहिल्या महायुद्धानंतर आजच्या राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाने (तेव्हाचे नाव इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशन) सैनिकांच्या समाधिशिळेवर कुटुंबाला स्वतःचा मजकूर कोरण्यासाठी शब्दांतील मोकळ्या जागांसह 66 अक्षरांची मुभा दिली होती. तेवढ्याच जागेत आपल्या माणसाविषयी काय लिहाल ते आधी कागदावर उतरवावे. ज्या प्रसंगांमुळे ती ओळ खरी ठरते, ते भाषणात ठेवावेत. शेवटचा मसुदा पत्नीला वाचून दाखवावा, आणि ती जे खोडायला सांगेल ते कारण न विचारता खोडावे.