पूरभिंतीआडचे घर आणि दुकान: विमा घेताना या चुका टाळा

२२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर चिपळूणला वाशिष्ठीच्या पात्रातला गाळ उपसला गेला. नदीकाठच्या इतर गावांतही कुठे संरक्षक भिंत उभी राहते, कुठे पात्र रुंद होते, आणि दोन पावसाळे कोरडे गेले की लोक विम्याचे नूतनीकरण थांबवतात. सर्वांत महाग पडणारी चूक हीच आहे. भिंत ठरावीक पातळीपर्यंतचे पाणी अडवण्यासाठी आखलेली असते, आणि तेही नदीच्या बाजूने येणारे. कोल्हापुरात जयंती नाल्यातून किंवा सांगलीत शेरीनाल्यातून वस्तीत शिरणारे पाणी ज्यांनी पाहिले आहे, त्यांना नदी फुगली की नाला उलटा वाहतो हे वेगळे सांगावे लागत नाही.

पूररेषेचा अर्थही बहुधा चुकीचा लावला जातो. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, म्हणजे ‘२०१९ ला येऊन गेला, आता आपल्या हयातीत नाही’, असा हिशेब नसतो. निळ्या रेषेपर्यंत पाणी येण्याची शक्यता दर वर्षी ४ टक्के असते, आणि २० वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात निदान एकदा तरी ते येण्याची शक्यता सुमारे ५६ टक्के होते. लाल रेषेसाठी हाच आकडा सुमारे १८ टक्के येतो.

दुसरी चूक म्हणजे ‘पूर विमा’ नावाची वेगळी पॉलिसी शोधत बसणे. आपल्याकडे पुराचे संरक्षण आगीच्या विम्यातच मिळते. १ एप्रिल २०२१ पासून घरांसाठी ‘भारत गृह रक्षा’, एका ठिकाणी ५ कोटी रुपयांपर्यंत मालमत्ता असलेल्या व्यवसायांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आणि त्यापुढे ५० कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’ या प्रमाणित पॉलिसी लागू झाल्या असून तिन्हींत पुराचा समावेश आहे. आगीचा विमा विकणाऱ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना त्या उपलब्ध ठेवणे बंधनकारक आहे. म्हणून ‘नदीकाठी विमा मिळत नाही’ हे एजंटचे तोंडी उत्तर अंतिम मानू नये. कंपनीकडे लेखी प्रस्ताव द्यावा आणि नकार आलाच तर तोही लेखी मागावा. प्रस्तावात पूर्वीच्या पुराची माहिती मात्र लपवू नये, कारण भिंतीवरची पाण्याची खूण नुकसानीची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरला दिसतेच. आणि हे सर्व उन्हाळ्यात उरकावे. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाण्याने ३९ फुटांची इशारा पातळी गाठल्यावर एजंटला फोन करण्यात काही हशील नाही.

विमा रक्कम ठरवताना घर आणि दुकान यांचे गणित वेगळे असते. घराची रक्कम बाजारभावावर नव्हे, तर बांधकामाच्या खर्चावर ठरते: ६०० चौरस फूट चटईक्षेत्र आणि २,००० रुपये दर धरला तर १२ लाख. घरातल्या सामानासाठी त्याच्या २० टक्के, म्हणजे २ लाख ४० हजारांचे संरक्षण आपोआप मिळते (कमाल १० लाख). त्याहून अधिक हवे असल्यास यादी द्यावी लागते. दुकानदार मात्र हप्ता वाचवण्यासाठी माल कमी दाखवतो आणि तिथेच फसतो. समजा माल २० लाखांचा, विमा १० लाखांचा आणि नुकसान ६ लाखांचे झाले, तर विमा निम्माच असल्यामुळे इतर कपातींआधीच दावा ३ लाखांवर येतो. १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, त्यापुढची नाही. कर्जापुरता बँकेने काढलेला विमा आणि पॉलिसीत पत्ताच नसलेले मागच्या गल्लीतले गोदाम, या दोन गोष्टी पावसाळ्याआधी आवर्जून तपासाव्यात. बुडालेल्या दिवसांतला धंद्याचा नफाही या पॉलिसीत भरून मिळत नाही.

पाणी ओसरल्यावर चिखलात भिजलेला माल रस्त्यावर टाकण्याची घाई होते, आणि नगरपालिकेची गाडी तो उचलून नेते तेव्हा दाव्याचा पुरावाही तिच्याबरोबर जातो. कुजणारा माल ठेवता येत नाही हे खरे. पण कंपनीला आधी लेखी कळवावे, थप्प्यांचे आणि लेबलांचे फोटो काढावेत, नमुने बाजूला ठेवावेत. साठ्याची वही सहसा गल्ल्याखालच्या कप्प्यात असते, म्हणजे सर्वांत आधी तीच भिजते, त्यामुळे तिची प्रत मोबाइलमध्ये किंवा हिशेबनिसाकडे असलेली बरी. तलाठ्याचा पंचनामा सरकारी मदतीसाठी असतो. त्याची प्रत दाव्याला जोडावी, परंतु विमा कंपनीच्या सर्व्हेअरची पाहणी त्याने टळत नाही.

दावा नाकारला गेला, तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी जावे. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर पुणे किंवा मुंबई येथील विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते, आणि हा मार्ग घरमालकांइतकाच सूक्ष्म उद्योगांनाही खुला आहे.