तंजावर पाहायचे तर किमान चार मुक्काम

दक्षिणेच्या सहलीत तंजावरच्या वाट्याला बहुधा अर्धा दिवस येतो. सकाळी त्रिचीहून (तिरुचिरापल्लीहून) निघायचे, मोठे देऊळ म्हणजे बृहदीश्वर मंदिर पाहायचे, राजवाड्यातून एक फेरी मारायची आणि रात्रीपर्यंत मदुरै गाठायचे, असा ठरलेला बेत असतो. हा बेत तंजावरच्या दिनक्रमाशी मुळीच जुळत नाही. कावेरीच्या खोऱ्यातील देवळे पहाटे उघडतात, दुपारी साडेबाराच्या सुमारास बंद होतात आणि चारनंतर पुन्हा उघडतात. मूर्तिकारांचे ओतकाम रोज होत नाही आणि गाण्याचे व नाटकाचे मोठे उत्सव तिथीवर चालतात. म्हणून येथील परंपरा चालू अवस्थेत पाहायची असेल, तर तंजावर आणि कुंभकोणम या पट्ट्यात किमान चार मुक्काम ठेवावेत आणि पाहण्याच्या ठिकाणांची यादी करण्याआधी पंचांग उघडावे.

हवामानाच्या दृष्टीने डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात ईशान्य मोसमी पाऊस या किनाऱ्याला झोडपून काढतो, तर एप्रिल-मेमध्ये देवळाच्या फरशीवर अनवाणी चालणे कठीण होते. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत तमिळ मार्गळी महिना असतो. या महिन्यात पहाटे अंधारातच बायका दारापुढे मोठमोठे कोलम, म्हणजे तिकडच्या रांगोळ्या, काढतात आणि देवळांतून तिरुप्पावै व तिरुवेंबावै या तमिळ भक्तिस्तोत्रांचे गायन ऐकू येते. त्यानंतर लगेच पोंगल हा सुगीचा सण येतो. पोंगलच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे माट्टू पोंगलला, मोठ्या देवळातील नंदी फळे, भाज्या आणि मिठाया यांनी मढवला जातो. ज्यांना वर्षातून एकच सहल शक्य आहे, त्यांनी ती या आठवड्याभोवती आखावी आणि खोली बरीच आधी राखून ठेवावी. जवळचा विमानतळ तिरुचिरापल्लीचा असून तो सुमारे साठ किलोमीटरवर आहे. रेल्वेने येणाऱ्यांना चेन्नई एग्मोरहून कुंभकोणममार्गे थेट गाड्या मिळतात.

बृहदीश्वर मंदिर दोनदा पाहावे, एकदा पहाटे आणि एकदा संध्याकाळी. पहिला राजराज चोळ याने बांधलेले हे मंदिर १०१० साली पूर्ण झाले, आणि १९८७ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा स्थळांच्या यादीत घेतले. गाभाऱ्यावरचे सुमारे ६० मीटर उंचीचे शिखर, ज्याला तिकडे विमान म्हणतात, प्रथम नजर खिळवून ठेवते, हे साहजिकच आहे. शिखराची सावली जमिनीवर पडत नाही, असे गाईड ठासून सांगतात. ती पडते, आणि सकाळच्या उन्हात पटांगणात उभे राहिल्यास कोणालाही दिसते. या दंतकथेत वेळ घालवण्यापेक्षा मान खाली करून जोत्याचे दगड पाहावेत. जोत्यावर आणि भिंतींवर तमिळ अक्षरांच्या ओळींमागून ओळी कोरलेल्या आहेत. देवाला कोणी कोणता दागिना दिला, त्याचे वजन किती होते, कोणत्या गावाने किती भात द्यायचा, याचा तो हिशेब आहे. एका लेखात तर इतर देवळांतून येथे आणलेल्या सुमारे चारशे नर्तकींची नावे, त्यांची मूळ देवळे आणि त्यांना नेमून दिलेल्या घरांची जागा नोंदवली आहे. एका राजाच्या देवळात नाचणाऱ्या स्त्रीचे नाव आणि पत्ता हजार वर्षे दगडावर टिकून राहावा, याचे मला नेहमी शिखराच्या उंचीहून अधिक अप्रूप वाटते. ही अक्षरे सामान्य तमिळ वाचकालाही सहज लागत नाहीत. त्यामुळे शिलालेखांची माहिती असलेला अधिकृत गाईड मिळत असेल तर तो घ्यावा आणि ‘लेख दाखवा’ असे सुरुवातीलाच सांगावे.

मराठी प्रवाशाला मात्र एक लेख स्वतः वाचता येतो. प्राकाराच्या, म्हणजे देवळाच्या आवाराच्या, नैर्ऋत्य भागातील भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरवून घेतला आहे. मराठीतील सर्वांत मोठ्या शिलालेखांमध्ये त्याची गणना होते. सरफोजींच्या काळातील गणपतीचे देऊळही याच बाजूला आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतले आणि १८५५ साली राज्य खालसा होईपर्यंत हे घराणे येथे नांदले. राजराजाने जेथे आपली दाने नोंदवली, त्याच देवळात सरफोजींनी आपली वंशावळ नोंदवावी, यात त्या जागेच्या परंपरेची नेमकी जाण दिसते. जुन्या वळणाची अक्षरे वाचायला वेळ लागतो, म्हणून या भिंतीसाठी निवांत अर्धा तास हाताशी ठेवावा. तरीही एक सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडून जाणारे अनेक जण तंजावरात फक्त मराठ्यांच्या खुणा शोधतात आणि त्यामुळे उरलेले तंजावर त्यांच्या नजरेतून निसटते. येथे चोळांवर नायक राजे आणि नायकांवर मराठे असे सत्तांचे थर बसले आहेत. नंदी नायककाळातला आहे आणि सुब्रह्मण्याचे कोरीव देऊळही त्याच काळातले आहे. आधी हा क्रम समजून घ्यावा. मग मराठी थराचे मोल आपोआप लक्षात येते.

संध्याकाळची भेट शक्यतो प्रदोषाच्या दिवशी ठेवावी. दर त्रयोदशीला सूर्यास्ताच्या आधी नंदीला दूध, दही, चंदन, भस्म यांचा अभिषेक होतो आणि गावातली माणसे मुलाबाळांसह पटांगणात येऊन बसतात. पाहुण्याने त्यांच्यातच खाली बसावे. पुरुषांनी वेष्टी (लुंगीसारखे नेसायचे पांढरे धोतर) किंवा साधी पँट, स्त्रियांनी साडी किंवा पूर्ण बाह्यांचा पोशाख घालावा. गाभाऱ्याकडे कॅमेरा वा मोबाइल वळवू नये. गर्भगृहाभोवतीच्या आतील मार्गातील चोळकालीन भित्तिचित्रे सर्वसामान्यांसाठी खुली नाहीत. ती पाहू द्या म्हणून कोणाकडे हट्ट धरू नये; त्यांच्या प्रतिकृती आवारातील प्रदर्शनात पाहता येतात.

देवळे बंद असतात ती दुपार राजवाड्याला द्यावी. वास्तू नायकांनी उभारली आणि मराठे राजे तेथे राहिले. कालगती सोसलेल्या या वाड्यातील दोन जागा महत्त्वाच्या आहेत. पहिली म्हणजे चोळकालीन कांस्यमूर्तींचे कलादालन. तेथे तिरुवेंगाडूहून आलेला वृषवाहन शिव आहे. साधारण १०११ सालची ही मूर्ती आहे. डोक्यावर जटांचा फेटा गुंडाळल्यासारखा, एक पाय दुसऱ्यापुढे सैल टाकलेला, आणि एक हात नंदीच्या पाठीवर टेकल्यासारखा पसरलेला. तो नंदी आता तेथे नाही, तरी हाताच्या बोटांतला सैलपणा पाहून बैलाची उंची आणि जवळीक दोन्ही जाणवतात. समोरून पाहून झाले की मूर्तीच्या मागच्या बाजूने आणि कडेनेही पाहावे.

दुसरी जागा सरस्वती महाल ग्रंथालय. नायकांच्या काळापासूनचा हा संग्रह सरफोजींनी काशीपासून ग्रंथ आणवून वाढवला आणि १९१८ साली तो सार्वजनिक झाला. संस्कृत, तमिळ, तेलुगू पोथ्यांबरोबर येथे सुमारे तीन हजार मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागदपत्रांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. प्रवाशांसाठी छोटे संग्रहालय खुले असते. प्रत्यक्ष हस्तलिखित पाहायचे असेल, तर आपला विषय आणि ओळख सांगणारा अर्ज आधी पाठवावा लागतो. सुट्टीचे दिवस निघण्यापूर्वी विचारून घ्यावेत. ग्रंथालयाने जुने मराठी ग्रंथ छापूनही काढले आहेत. विक्रीच्या कक्षात ते अल्प किमतीत मिळतात आणि महाराष्ट्रातील दुकानांत क्वचितच दिसतात, म्हणून पिशवीत जागा ठेवून जावे.

कांस्यदालन पाहिल्यानंतर, आणि नंतरच, स्वामीमलैला जावे. कुंभकोणमजवळच्या या गावात मुरुगनच्या (कार्तिकेयाच्या) सहा प्रमुख स्थानांपैकी एक आहे आणि मूर्ती ओतणाऱ्या स्थपतींची घरे आहेत. बऱ्याच कारखान्यांत पाहुण्यांना काम पाहू देतात, पण फोन करून, ‘ऐया, उद्या ओतकाम आहे का?’ असे विचारून जाणे बरे. ज्या दिवशी ओतकाम नसेल त्या दिवशी मेणकाम तरी पाहायला मिळते.

स्थपती प्रथम नारळाच्या झावळीची एक पट्टी मूर्तीच्या उंचीइतकी कापतो आणि तिला ठरावीक घड्या घालतो. चेहरा, मान, छाती, गुडघा यांची मापे त्या घड्यांवरून ठरतात. मोजपट्टी हाताशी असली तरी या पट्टीचा मान मोठा असतो. मग मधमाशांचे मेण, राळ आणि शेंगदाण्याचे तेल यांच्या मिश्रणातून संपूर्ण मूर्ती घडते. बोटे, दागिने, वस्त्राच्या चुण्या हे सारे या टप्प्यावर गरम केलेल्या सळईने आणि बोटांनी साधले जाते. तयार मेणमूर्तीवर कावेरीच्या गाळाची अतिशय बारीक माती हलक्या हाताने लावतात. तमिळमध्ये तिला वंडल मण म्हणतात. हा पहिला लेप सावलीतच वाळवावा लागतो, कारण मेणावरची प्रत्येक रेघ त्यालाच उचलायची असते. त्यावर जाड मातीचे थर येतात आणि मोठ्या मूर्तीला तारांनी आवळतात. साचा गोवऱ्यांच्या जाळावर तापवला की मेण वितळून वाहून जाते आणि त्या पोकळीत वितळलेला धातू एका धारेत ओततात. धार मध्ये तुटली तर मूर्ती वाया जाते, म्हणून त्या काही क्षणांत कारखान्यात कोणी बोलत नाही. पाहुण्यानेही बोलू नये आणि फ्लॅश तर मुळीच वापरू नये. थंड झाल्यावर साचा फोडतात. त्यामुळे एका साच्यातून एकच मूर्ती निघते. पुढे छिन्नी आणि कानशीचे काम दिवसचे दिवस चालते. मूर्ती पूजेसाठी असेल, तर डोळे सर्वांत शेवटी, मुहूर्त पाहून उघडतात.

मूर्ती विकत घ्यायची असल्यास ती मेण वितळवण्याच्या पद्धतीने घडवली आहे की तयार साच्यातून काढली आहे, हे सरळ विचारावे आणि पावतीवर तसे लिहून घ्यावे. ‘जुनी आहे, देवळातली आहे’ असे सांगून कोणी मूर्ती पुढे केली, तर तेथून उठावे. या भागातील देवळांतून चोरलेल्या मूर्तींनी जगभरची संग्रहालये भरली; श्रीपुरंदान येथील नटराज ऑस्ट्रेलियातून २०१४ साली परत आणावा लागला. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती देशाबाहेर नेण्यास १९७२ च्या कायद्याने मनाई आहे. तंजावर चित्रांच्या बाबतीतही सावध राहावे. फणसाच्या लाकडी फळीवर कापड, त्यावर खडूची भुकटी आणि डिंक यांनी उठवलेले नक्षीकाम आणि वर खऱ्या सोन्याचा वर्ख, असे ते चित्र असते. सोनेरी कागद लावलेली स्वस्त चित्रे त्याच नावाने विकली जातात. त्यामुळे वर्ख कोणता, हा प्रश्न आधी विचारावा. वीणा करणाऱ्यांची घरेही तंजावरात आहेत आणि एकाच ओंडक्यातून कोरलेली एकांड वीणा तेथे पाहायला मिळते.

कुंभकोणमच्या मुक्कामात दारासुरमचे ऐरावतेश्वर मंदिर चुकवू नये. ते आकाराने लहान, पण बारीक कामात बृहदीश्वराहून सरस आहे. गंगैकोंडचोळपुरमच्या चोळकालीन मंदिरासाठी स्वतंत्र अर्धा दिवस लागतो.

गाण्यासाठी तिरुवैयारूला जावे. तंजावरच्या उत्तरेला, कावेरीकाठी कर्नाटक संगीतातील संत-रचनाकार त्यागराज यांची समाधी आहे. त्यांचा मृत्यू १८४७ साली झाला. सरफोजींचे दरबारी निमंत्रण त्यांनी नाकारले, असे परंपरा सांगते. पौष वद्य पंचमीला तेथे आराधना होते आणि शेकडो गायक-वादक समोरासमोर रांगांत बसून नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या रागांतील पाच कृती एका सुरात गातात. तिकीट नसते. या पाच कृतींना पंचरत्न म्हणतात आणि त्यांचे गायन सकाळी होते. जागा मिळवायची तर बऱ्याच आधी पोहोचावे, बसायला चटई न्यावी आणि कृतींचे शब्द देवनागरीत लिहून बरोबर ठेवावेत, म्हणजे पाठोपाठ गुणगुणता येते. मराठी श्रोत्याने एखादी हरिकथा, म्हणजे गाण्यासह सांगितलेली देवाची कथाही ऐकावी. मराठी कीर्तनाचा हात धरून ती तंजावरात वाढली, त्यामुळे तमिळ निरूपणाच्या मध्येच साकी, दिंडी किंवा अभंग कानी पडतो.

वैशाखात येणाऱ्यांसाठी तंजावरजवळच्या मेलट्टूरचा भागवत मेळा हा नाट्योत्सव आहे. नृसिंह जयंतीला या लहान गावात, देवळासमोर, प्रह्लादाचे तेलुगू संगीतनाटक होते. स्त्रियांच्या भूमिकाही पुरुषच करतात. नृसिंहाचा मुखवटा वर्षभर पूजेत असतो आणि तो धारण करणारा नट त्या दिवशी उपास करतो. या नाटकाला मराठा राजांचा मोठा आश्रय होता. कथा आपल्या ओळखीची असल्याने भाषा आडवी येत नाही. प्रयोग रात्री सुरू होऊन पहाटेपर्यंत चालतो आणि त्या वेळी गावातून बस मिळत नाही, म्हणून तंजावरहून गाडी ठरवताना चालकाला पहाटे परत निघण्याची वेळ आधीच सांगून ठेवावी.