मॉडेल रेल्वेसाठी विजेचा टॉवर : आधी बाजू, मग उभारणी

मामा तारवटी (जहाजावर खलाशी) होता, त्याने आणलेली जुनी ट्राय-अँग हॉर्नबी या ब्रिटिश ब्रँडची मॉडेल गाडी मी या पावसाळ्यात परत काढली, गोव्यातल्या कुळेच्या मीटरगेज रेल्वेची आठवण म्हणून मागे घाट केला आणि त्यावर हाय टेन्शनचा टॉवर हवाच होता. १:७६ स्केलला ३० मीटरचा टॉवर साधारण ३९ सेंटिमीटर येतो, म्हणजे चांगलाच उंच.

चारही पाय उभे करून मग आडव्या पट्ट्या लावायला जाऊ नका, टॉवर पिळवटतोच. कागदावर एका बाजूचं पूर्ण मापात ड्रॉइंग काढा, लाकडी फळीला चिकटवा आणि त्यावरच पितळेची तार ठेवून सोल्डर करा, पायांना ०.८ मिमी, तिरक्या पट्ट्यांना ०.५. अशा दोन बाजू सपाट तयार झाल्या की समोरासमोर उभ्या करून मधल्या पट्ट्या जोडा.

सोल्डर नीट धरावं म्हणून लावलेलं फ्लक्स मात्र त्याच दिवशी कोमट पाण्याने घासून काढा, आपल्याकडच्या दमट हवेत दुसऱ्या आठवड्यात हिरवं चढतं. इन्सुलेटरला म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातले बारीक काचेचे मणी मस्त दिसतात. टॉवरवरच्या विजेच्या तारांसाठी सुती दोरा नको, दमटपणाने कमीजास्त होतो, बारीक इलॅस्टिक धागा घ्या, हात लागला तरी तुटत नाही.