फोर्कलिफ्टवर या चुका टाळा: ट्रॅक्टरची सवय इथं चालत नाही

चिक्कोडी-संकेश्वर भागात उसाचा हंगाम लागला की चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं आणि दोघं जण बॉनेटवर चढून बसतात. आपल्याकडं हे कुणाला नवं नाही. तीच पोरं पुढं बेळगावजवळच्या उद्यमबाग, मच्छे, होनग्याच्या कारखान्यांत येतात. ‘ट्रॅक्टर येतो ना? मग बस’ म्हणून त्यांच्या हातात फोर्कलिफ्ट दिली जाते. निम्मा घोळ इथंच होतो.

मी एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, सुपरवायझर होतो तेव्हाची गोष्ट. कास्टिंगनं भरलेली जाळी उचलताना मागची चाकं चार बोटं वर आली. ड्रायव्हरनं हाक मारली, तसे तीन हेल्पर मागच्या काउंटरवेटवर, म्हणजे तोल राखणाऱ्या वजनावर, उभे राहिले. गाडी बसली. दहा फूट जाते न जाते तोच पुढचं चाक सांडलेल्या वाळूच्या ढिगावर चढलं, जाळी माल उचलणाऱ्या पुढच्या काट्यांवरून सरकून पडली आणि मागचा भाग दाणकन खाली आला. एकाचा पाय घोट्यात मोडला. मी तिथंच उभा होतो आणि ‘उतरा रे’ म्हणालो नव्हतो, हे आजही सलतं.

फोर्कलिफ्ट म्हणजे चाकांवरचा तराजू. पुढचा ॲक्सल हा टेकू, एका पारड्यात माल, दुसऱ्यात काउंटरवेट. त्यातून स्टिअरिंग मागच्या चाकांना. ती उचलली म्हणजे गाडी वळवणंही गेलं. अशा वेळी उपाय एकच: माल खाली ठेवा आणि दोन खेपा करा.

‘३ टनाची गाडी आहे, साहेब’ हे वाक्यही अर्धवट आहे. गाडीवरच्या क्षमतेच्या प्लेटवर ३००० किलोच्या शेजारी बहुतेक वेळा ५०० मिलिमीटर लिहिलेलं असतं. मालाचा मध्य काट्याच्या मुळापासून तेवढ्या अंतरावर असेल, तरच ३ टन. दीड मीटर खोल पेटी घेतली की मध्य ७५० वर जातो आणि क्षमता काहीशे किलोंनी घटते. उंच उचलल्यावर आणखी कमी होऊ शकते. किती, ते प्लेटवरच्या तक्त्यात बघायचं, अंदाजानं नाही.

गाडी कलंडायला लागली की ट्रॅक्टरवाला उडी मारतो. इथं ती जिवावर बेतते, कारण डोक्यावरचं लोखंडी छत उडी मारणाऱ्यावरच येऊन पडतं. बेल्ट लावलेला हवा. स्टिअरिंग घट्ट धरायचं, पाय रोवायचे आणि गाडी पडतेय त्याच्या उलट बाजूला झुकायचं. गाडी कलंडते ती बहुधा वळणावर, काटे वर ठेवून पळवल्यामुळं. जाताना काटे जमिनीपासून वीतभरच वर आणि मास्ट, म्हणजे काटे वर-खाली नेणारा उभा सांगाडा, मागं झुकवलेला असावा. रॅम्पवर माल नेहमी चढाच्या बाजूला, म्हणजे उतरताना रिव्हर्स. आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या पावसात ओल्या रॅम्पवर हे आणखी जपायचं, आणि तिथं वळायचं तर मुळीच नाही.

पायी चालणाऱ्यांना मार बसतो तो बहुतेकदा मागच्या बाजूनं. गाडी डावीकडं वळली की तिचं बूड उजवीकडं फिरतं. भिंत आणि बूड यांच्यामध्ये उभं राहणाऱ्याला हे समजेपर्यंत उशीर झालेला असतो.

भाषेचं एक आपल्याकडचंच दुखणं. शेडमध्ये मराठी, कन्नड, हिंदी सगळं चालतं. हेल्पर ‘बिडु, बिडु’ ओरडला, त्याला म्हणायचं होतं ‘राहू दे’. ड्रायव्हरनं ‘सोड’ समजून माल खाली सोडला. तेव्हापासून आम्ही हाताच्या खुणा ठरवल्या आणि खुणा करणारा माणूस एकच ठेवला.

मशीनच्या तक्रारी अंगावर काढू नका. उचललेला माल हळूहळू आपोआप खाली येत असेल तर सिलिंडरचं सील किंवा व्हॉल्व्ह गळत असेल. काटे एका बाजूला कलले तर साखळ्यांचा ताण बघा. तेलाची नळी, म्हणजे होज, गळतोय का, हे हात फिरवून शोधू नका. दाबाखालचं तेल सुईसारखं कातडीत शिरतं. पुठ्ठा धरून बघा. मेकॅनिक येईपर्यंत गाडी उभी.

आणि जेवणाच्या सुट्टीत किल्ली गाडीलाच राहते, तेवढ्यात कुणीतरी ‘जरा सरकवतो’ म्हणून बसतं. आमच्याकडं आता काटे जमिनीला टेकवून, हँडब्रेक ओढून किल्ली स्टोअरच्या खिळ्याला लागते. सहीशिवाय ती मला स्वतःलाही मिळत नाही.