सिगार पेटवण्याआधी नाक तयार करा: नागपुरात चवीचा सराव कसा करावा

पाहुण्याला कुठला सिगार आवडेल हे ओळखणारा, तो नीट कापून देणारा आणि त्यातल्या चवी नेमक्या शब्दांत सांगणारा जाणकार म्हणजे सिगार सोमेलिए. हे शिकायचं तर भरपूर सिगार ओढावे लागतात, असा समज आहे. मला तो पटत नाही. या कौशल्याचा मोठा भाग धुराशिवाय कमावता येतो, आणि इतवारीचा मसाला बाजार हाताशी असलेल्या नागपूरकराला तर तो फार चांगला कमावता येतो.

आरोग्याचं आधीच सांगतो. धूर छातीत ओढला नाही तरी सिगारमुळे तोंडाचा, घशाचा आणि अन्ननलिकेचा कर्करोग होऊ शकतो. निकोटीन तोंडाच्या आतल्या त्वचेतूनही शरीरात जातं. शिवाय धूम्रपानाने वास घेण्याची शक्ती मंदावते, म्हणजे ज्या अवयवावर हे काम चालतं त्यालाच इजा होते. तुम्ही ओढत नसाल तर या कामासाठी सुरुवात करू नका. पुढचा बहुतेक सराव चहा, कॉफी आणि चॉकलेट पारखायलाही तितकाच उपयोगी आहे.

जीभ किती सांगते, नाक किती

नाक घट्ट दाबून थोडी बडीशेप चावा. किंचित गोडवा आणि चोथा, एवढंच कळेल. आता नाक सोडा. बडीशेपेचा वास घशाच्या मागून वर चढेल आणि खरी चव तेव्हा उमटेल. गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी (मशरूम किंवा मटणाच्या रश्शात लागते तशी भरीव चव) एवढं जिभेचं काम, बाकीचं नाकाचं.

तोंडात आणखी दोन गोष्टी घडतात. आवळा किंवा कोरा कडक चहा घेतल्यावर तोंड आवळतं तो तुरटपणा, आणि मिरीची चुणचुण. दोन्ही स्पर्शाच्या जातीच्या संवेदना आहेत. सिगारमध्ये त्या सतत भेटतात, म्हणून तुरट आणि कडू यांतला फरक आधी पक्का करा. नवख्याची गल्लत इथेच जास्त होते.

वासांचा संग्रह

इतवारीतून प्रत्येकी दहा-वीस ग्रॅम लवंग, दालचिनी, जायफळ, काळी मिरी, मसाला वेलची आणि दगडफूल आणा. सावजी मसाल्यामुळे यातले बहुतेक वास आपल्या ओळखीचे असतात, पण एकत्र. इथे ते सुटे करायचे आहेत. मसाला वेलची आगीच्या धुरावर वाळवतात, त्यामुळे लाकडाच्या धुराचा वास धुराशिवाय शिकायला तिच्यासारखी वस्तू नाही. दगडफूल नुसतं हुंगलं तर फार काही सांगत नाही. कोरड्या तव्यावर किंचित गरम केलं की माती, झाडाची साल आणि ओलसर जंगल असं सगळं वर येतं. यांच्या जोडीला भाजलेल्या कॉफीच्या बिया, बिनसाखरेची कोको पावडर, चामड्याचा तुकडा, भाजलेले शेंगदाणे आणि वाळलेली संत्र्याची साल ठेवा. संत्र्याची ताजी साल चिमटून जो फवारा उडतो त्याचा वास वाळलेल्या सालीपेक्षा पार वेगळा असतो; दोन्ही वेगळे नोंदवा.

सगळं एकसारख्या, झाकणाच्या छोट्या बाटल्यांत भरा. बाहेरून कागद गुंडाळा, बुडाला क्रमांक टाका. एका बैठकीत चार-पाचच बाटल्या घ्या, कारण नाक लवकर सरावतं आणि मग सगळं सारखंच वाटू लागतं. लांब श्वास नको, दोन-तीन छोटे हुंगे पुरेत. मनात पहिलं काय आलं ते लगेच लिहा. ‘आजीच्या कपाटाचा वास’ असं आलं तरी लिहा, मग त्या कपाटात नक्की काय होतं ते आठवा. नेमका शब्द अशा खोदकामातूनच सापडतो.

या सरावाला आधार आहे. जर्मनीतले संशोधक थॉमस हुमेल यांनी २००९ साली वासाची शक्ती कमी झालेल्या रुग्णांना गुलाब, निलगिरी, लिंबू आणि लवंग हे चार वास रोज दोनदा, १२ आठवडे हुंगायला दिले. अनेकांची क्षमता सुधारली. म्हणून रोज थोडं, पण नेमाने करा.

वेळ सकाळची, चहा-नाश्त्याआधीची. मे महिन्यात नागपूरची कोरडी हवा नाक सुकवते. आधी पाणी प्या. वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर असलेल्या खोलीत मात्र बसू नका, तो वास सगळ्यावर पसरतो.

न पेटवलेला सिगार

सिगारमध्ये आतलं भरण, ते बांधून ठेवणारं पान आणि बाहेरचं आवरण असतं. भरणात रोपाच्या वरच्या भागातली लिगेरो पानं असतील तर निकोटीनचा जोर वाढतो. खालची व्होलाडो पानं सौम्य आणि चांगली जळणारी. गडद माडुरो आवरणाची पानं जास्त आंबवलेली असतात, त्यामुळे कोको आणि गुळासारखा गोडवा तिथे शोधा.

आवरण हुंगा, मग पेटवायचं टोक हुंगा. दुसरं टोक कापून न पेटवताच हवा ओढा. गवत, मनुका, लाकूड, चामडं, जे सापडेल ते लिहा. एकच सिगार असा पुन्हापुन्हा तपासता येतो. तो ६५ ते ७० टक्के आर्द्रतेच्या बंद डब्यात ठेवा. उन्हाळ्यात उघड्यावर तो तडकतो आणि कूलरच्या दमट झोतात बुरशी धरू शकतो.

पेटवलेला सिगार पारखणाऱ्यांची रीत अशी: मिनिटाला साधारण एक झुरका, धूर तोंडातच, थोडा नाकावाटे बाहेर, आणि पहिल्या, मधल्या, शेवटच्या भागाची वेगळी नोंद. तोंडाला जाणवणारा भरीवपणा आणि निकोटीनचा जोर या दोन नोंदी कधीही एकत्र करू नका. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला कायद्याने बंदी आहे आणि १८ वर्षांखालच्यांना तंबाखू विकता येत नाही, हेही या कामात माहीत हवं.

स्वतःची परीक्षा

घरातल्या कुणाला तरी तीन बाटल्या मांडायला सांगा: दोन सारख्या, एक वेगळी. वेगळी ओळखा. नुसत्या अंदाजानेही तिनात एकदा बरोबर येतं, म्हणून दहा फेऱ्या करा आणि सात किंवा जास्त बरोबर आल्या तरच ती जोडी जमली असं समजा. सुरुवात लवंग-दालचिनीने करा, मग कोको-कॉफी, आणि शेवटी संत्र्याची वाळलेली साल, जुनी आणि नवी. ज्या जोडीत सारखी गल्लत होते तिच्या दोन बाटल्या आठवडाभर वेगळ्या काढून सकाळी फक्त त्याच हुंगा.