जुने एमटीव्हीचे व्हिडिओ कसे बघायचे, आणि बिल कोणी भरलं ते कसं ओळखायचं

परवा भाच्याने विचारलं, मामा तुमच्या वेळी एमटीव्हीवर खरंच गाणी लागायची का. त्याच्या डोक्यात एमटीव्ही म्हणजे रोडीज, बाइक आणि शिव्या, त्यात त्याची काही चूक नाही. मग त्याला दोन संध्याकाळी समोर बसवून यूट्यूबवर जुने व्हिडिओ दाखवले आणि ते करता करता एक पद्धत जमून गेली, ती इथे लिहून ठेवतोय. ज्यांना गाण्याच्या धंद्यात टीव्हीने काय उलथापालथ केली हे पुस्तकं न वाचता समजून घ्यायचंय त्यांनी करून बघा.

साहित्य फार नाही, यूट्यूब, वही-पेन आणि म्यूटचं बटण. प्रत्येक व्हिडिओला वहीत तीन गोष्टी लिहायच्या: गाणं कधीचं, व्हिडिओ कधीचा, आणि पैसे कोणाचे. तिसरी गोष्ट कुठे लिहिलेली नसते पण सगळी गंमत तिथेच आहे, बाकीचं विसरलात तरी चालेल.

सुरुवात सगळे जिथून करतात तिथूनच करा, १ ऑगस्ट १९८१, रात्री बारा वाजून एक मिनिट. अमेरिकेत एमटीव्ही सुरू झालं आणि पहिला व्हिडिओ लागला बगल्सचा 'व्हिडिओ किल्ड द रेडिओ स्टार'. नाव इतकं फिट बसलं की सगळे तिथेच थांबतात, पण वहीत बघा, गाणं १९७९ चं आहे आणि बँड ब्रिटिश. अमेरिकन चॅनलचा पहिलाच व्हिडिओ दोन वर्षं जुना आणि इंग्लंडचा का? कारण अमेरिकन कंपन्यांकडे व्हिडिओ होतेच किती! ब्रिटनमध्ये आणि युरोपात टीव्हीवरच्या गाण्याच्या कार्यक्रमांना बँड स्वतः जाऊ शकला नाही तर फिल्म पाठवायची पद्धत आधीपासून होती, त्यामुळे त्यांच्याकडे माल तयार होता. अमेरिकेत सगळा भर रेडिओ आणि दौऱ्यांवर. चोवीस तास भरायचे आणि डब्यात मोजकेच व्हिडिओ, म्हणून सुरुवातीला रॉड स्टुअर्ट हा ब्रिटिश गायक पुन्हा पुन्हा लागायचा.

आता पुढचा टप्पा, ड्युरान ड्युरान या ब्रिटिश बँडचा 'हंग्री लाइक द वुल्फ'. आवाज बंद करून बघा. श्रीलंकेत शूट केलंय, जंगल, बाजार, आणि मधेमधे बँडमधली ती देखणी पोरं. दिग्दर्शक रसेल मुलकाही, तोच ज्याने बगल्सचा केला होता. आवाज बंद असताना कळतं की हे गाण्याचं चित्रीकरण वगैरे नाही, ही सरळ जाहिरात आहे, टूथपेस्टच्या जागी बँड ठेवलाय एवढंच. आणि जाहिरात लागू पडली. एमटीव्ही सुरुवातीला न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये दिसतच नव्हतं, ते होतं लहान गावांतल्या केबलवर, आणि तिथल्या रेकॉर्डच्या दुकानांत लोक अशा बँडची नावं घेऊन यायला लागले जे तिथल्या रेडिओवर कधी वाजलेच नव्हते. गाणं हिट करायचा मक्ता इतकी वर्षं रेडिओवाल्यांकडे होता, तो तिथे पहिल्यांदा सैल झाला.

इथे थांबून पैशाचं समजून घ्या. एमटीव्हीला व्हिडिओ फुकट मिळायचे. रेकॉर्ड कंपनी व्हिडिओ बनवणार, चॅनल तो लावणार, मधल्या जाहिरातींचे पैसे चॅनल घेणार. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. बरं कंपनी तरी कुठे स्वतःच्या खिशातून घालत होती, साधारण रिवाज असा की व्हिडिओच्या खर्चातला निम्मा वाटा गायकाच्या रॉयल्टीतून कापून घ्यायचा. म्हणजे समजा बँडने ऐटीत नौकेवर शूटिंग केलं, शॅम्पेन उडवली, तर त्यातली अर्धी शॅम्पेन त्यांच्याच खात्यावर लिहिलेली, फक्त बिल नंतर येणार. आपल्याकडे लग्नात व्हिडिओवाला ठरवतो एक, मिरवतो दुसरा आणि पैसे देतो मुलीचा बाप, तसंच काहीसं. हे डोक्यात ठेवून तोच व्हिडिओ परत बघा, वेगळा दिसतो.

मग मायकल जॅक्सन. यावर वेळ घालवा, घाई नको. 'बिली जीन'चा व्हिडिओ १९८३ चा, पाय ठेवला की फरशी उजळते तो. तोपर्यंत एमटीव्हीवर काळे कलाकार जवळजवळ दिसायचेच नाहीत, चॅनलचं म्हणणं आम्ही रॉकचं चॅनल आहोत. रिक जेम्स या काळ्या गायकाने यावरून उघड तक्रार केली होती, आणि त्याच वर्षी ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीने एमटीव्हीच्याच मुलाखतीत मुलाखत घेणाऱ्या मार्क गुडमनला विचारलं, काळे कलाकार इतके कमी का दिसतात. ती क्लिप यूट्यूबवर आहे, जरूर बघा, बोवी आवाज अजिबात चढवत नाही आणि समोरचा गुडमन उत्तर देता देता आणखी खोलात जातो. जॅक्सनच्या कंपनीने म्हणजे सीबीएसने आमचे सगळे व्हिडिओ काढून घेऊ अशी धमकी दिली होती असं सांगितलं जातं, एमटीव्हीवाले नाही म्हणतात. धमकी खरी असो नसो, तो व्हिडिओ लागला आणि त्यानंतर ते दार पूर्वीसारखं बंद करणं कोणाला जमलं नाही.

त्याच माणसाचा 'थ्रिलर', २ डिसेंबर १९८३ ला पहिल्यांदा दाखवला, जवळजवळ चौदा मिनिटांचा. वहीत तारखा लिहिल्यात तर लक्षात येईल की अल्बम आला होता नोव्हेंबर १९८२ ला, म्हणजे व्हिडिओ वर्षभराने आला, अल्बमचा जोर ओसरत असताना. इतका महागडा व्हिडिओ काढायला कंपनी तयार नव्हती. एमटीव्हीचा नियम की व्हिडिओला पैसे द्यायचे नाहीत, एकदा दिले की उद्या सगळे मागणार. मग जॅक्सनच्या मंडळींनी डोकं लढवलं, 'हा व्हिडिओ कसा बनला' अशी वेगळी डॉक्युमेंटरी काढायची आणि तिच्या हक्कांचे पैसे एमटीव्ही आणि शोटाइम या दोन चॅनलकडून घ्यायचे. नियमही मोडला नाही आणि भुतांच्या मेकअपचा खर्चही निघाला. वर ती डॉक्युमेंटरी कॅसेटवर विकली. आणि अल्बम वर्षभर जुना असून परत पहिल्या नंबरवर गेला. भाच्याला नाच आवडला, मला ही अकाउंटिंगची करामत जास्त आवडते, वय झालं बहुतेक.

यानंतर एक उलटं उदाहरण बघायलाच पाहिजे नाहीतर वाटेल की व्हिडिओ म्हणजे फायदाच फायदा. बिली स्क्वायर, चांगला चालणारा रॉकवाला, १९८४ साली 'रॉक मी टुनाइट' गाण्याच्या व्हिडिओत सॅटिनच्या चादरींच्या बेडरूममध्ये गुलाबी बनियन घालून बागडला. गाणं चार्टवर बऱ्यापैकी गेलं, पण त्याचा रॉक ऐकणारा प्रेक्षक बिथरला, आणि आपलं करिअर त्या व्हिडिओने संपवलं असं तो स्वतः सांगत आलाय. हात दाखवून अवलक्षण! आधी आवाज बंद करून बघा आणि मग फक्त ऐका, दोन वेगळी माणसं वाटतात. रेडिओच्या जमान्यात त्याचं काहीही बिघडलं नसतं.

याच खात्यात मिली व्हॅनिली ही जोडी पण घाला. दोन देखणे पोरं, केस, खांदे, नाच सगळं झकास, फक्त रेकॉर्डवर आवाज त्यांचा नव्हता. १९९० च्या फेब्रुवारीत ग्रॅमी, म्हणजे संगीतातलं मोठं अमेरिकन बक्षीस, मिळालं आणि नोव्हेंबरात काढून घेतलं. सगळी शिक्षा त्या दोघांना झाली याचं मला अजून वाईट वाटतं, कारण कॅमेऱ्याला चेहरा लागतो आणि माइकला गळा लागतो, दोन्ही एकाच माणसात नसेल तर दोन माणसं घ्या, हा हिशोब त्यांनी नव्हता केला, निर्मात्याने केला होता.

मध्येच एक छोटी पण महत्त्वाची गोष्ट. एमटीव्ही फुकट माल घेत होतं तर दुसऱ्या कोणी तसंच चॅनल का नाही काढलं? काढलं ना, सीएनएनवाल्या टेड टर्नरने, ऑक्टोबर १९८४ मध्ये, आणि नोव्हेंबर संपायच्या आत गुंडाळून एमटीव्हीलाच विकलं. एमटीव्हीने त्याच वर्षी मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांना पैसे देऊन करार केले होते की निवडक व्हिडिओ सुरुवातीला फक्त आमच्याकडे. म्हणजे पैसे द्यायचे नाहीत हा नियम मोडला, पण कधी, तर दुसऱ्याला उपाशी ठेवायचं होतं तेव्हा.

आता हाताने करायचा प्रयोग. कुठलाही १९८३ चा आणि कुठलाही १९९४-९५ चा व्हिडिओ घ्या, तीस सेकंदात किती वेळा शॉट बदलतो ते बोटांवर मोजा. नव्वदीच्या व्हिडिओत बोटं संपतात. आणि १९९२ च्या शेवटापासून एमटीव्हीने कोपऱ्यातल्या पट्टीत गायक आणि कंपनीबरोबर दिग्दर्शकाचंही नाव द्यायला सुरुवात केली. डेव्हिड फिंचर, स्पाइक जोन्झ, मार्क रोमानेक ही पुढे सिनेमे काढणारी दिग्दर्शक मंडळी याच शाळेतली. बजेटही तसंच सुटलं, मायकल आणि जॅनेट जॅक्सनचा १९९५ चा 'स्क्रीम' सत्तर लाख डॉलरच्या घरात गेला असं धरतात, नाकापेक्षा मोती जड. गंमत म्हणजे याच काळात एमटीव्हीचं खरं खपाऊ दुकान होतं अनप्लग्ड, म्हणजे विजेच्या गिटारी बाजूला ठेवून गायचा कार्यक्रम, स्टूल, साधी गिटार, मेणबत्त्या. एरिक क्लॅप्टनचा १९९२ चा अनप्लग्ड अल्बम घ्या, कार्यक्रमाचं रेकॉर्डिंगच बाजारात आणलं आणि ग्रॅमींची रांग लागली.

आपल्याकडचं बघायचं असेल तर एक संध्याकाळ वेगळी ठेवा. १९९१ ला स्टारबरोबर एमटीव्ही डिशवरून आलं, १९९४ ला दोघांचं फिसकटलं आणि स्टारने चॅनल व्ही काढलं, एमटीव्ही परत आलं १९९६ ला. आमच्याकडे केबलवाला मनाला येईल तेव्हा चॅनल बदलायचा, गाणं अर्ध्यात असताना अचानक कीर्तन सुरू. असो. अलिशा चिनॉयचं 'मेड इन इंडिया' लावा, १९९५, संगीत बिड्डूचं, व्हिडिओ केन घोषचा आणि लाकडी पेटीतून निघणारा आपला मिलिंद सोमण. यात शोधायचं काय, तर सिनेमा. सिनेमा नाहीच्चे. इथे गाणं म्हणजे चित्रपटाचं, पडद्यावर हिरॉइन आणि आवाज पडद्यामागच्या बाईचा, ही सवय असलेल्या देशात गाणारी बाई स्वतःच सिंहासनावर बसून नवरा निवडतेय, आणि ते गावोगाव पोचलं कारण चॅनलना चोवीस तास भरायला माल हवा होता. अमेरिकेत ८१ ला ब्रिटिश पोरांचं जे झालं तेच. पुढे फिल्मवाल्यांनी त्याच चॅनलवर आपल्या गाण्यांचे प्रोमो ओतले आणि इंडीपॉपची, म्हणजे अशा बिगरफिल्मी गाण्यांची, जागा आक्रसत गेली.

आजचे व्हिडिओ बघताना वहीतले तेच तीन प्रश्न ठेवा. कुठल्याही परदेशी जुन्या गाण्याच्या थंबनेलवर कोपऱ्यात व्हीवो लिहिलेलं दिसलं की समजायचं, ते युनिव्हर्सल आणि सोनी या रेकॉर्ड कंपन्यांनी २००९ ला काढलेलं दुकान, कारण फुकट दिलेल्या मालावर दुसऱ्याने बंगला बांधलेला त्यांनी एकदा बघितला होता.

आणि जर हे सगळं करायला वेळ नसेल, एकच संध्याकाळ असेल, तर आ-हा या नॉर्वेच्या बँडचं 'टेक ऑन मी' घ्या. याचे दोन व्हिडिओ आहेत. १९८४ चा साधा, बँड उभा राहून गातोय, तो कोणी ढुंकून बघितला नाही. १९८५ चा पेन्सिलच्या चित्रातून हात बाहेर येतो तो, स्टीव्ह बॅरनचा, म्हणजे 'बिली जीन'वालाच. तेव्हा गाणं अमेरिकेत एक नंबरला गेलं. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर मधल्या काळात गाणंही नव्याने रेकॉर्ड केलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय पेन्सिलला देऊ नका, दोन्ही रेकॉर्डिंग डोळे मिटून ऐका आणि स्वतः ठरवा. फक्त ८४ चा आधी बघा. आमच्याकडे भाच्याने घाईत दुसरा आधी लावला आणि मग पहिला त्याने वीस सेकंदात बंद केला.